बटण दाबलं की व्होल्टेज बसतं: १८६५० सेलवरच्या व्हेरिएबल व्होल्टेज किटमधला नेहमीचा दोष

किट साधारण असं असतं: मालिकेत दोन १८६५० सेल (लॅपटॉपच्या पॅकमध्ये असतात ते गोल लिथियम-आयन सेल), त्यांचा होल्डर, टू-एस बीएमएस (मालिकेतल्या दोन सेलचं रक्षण करणारं सर्किट), एलएम२५९६ चिपचं बक मॉड्यूल (बॅटरीचं व्होल्टेज हवं तेवढं खाली आणणारं), पॅनेलवर व्होल्टेजचा नॉब, तीन आकडी छोटा मीटर आणि मॉस्फेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विचवरून) लोड चालू करणारं दाबायचं बटण. लोड म्हणजे नायक्रोमची तार. पॅकिंगचा पांढरा ईपीई फोम कापायला, नायलॉनच्या दोरीची टोकं बंद करायला किंवा सॅटिनच्या रिबिनीची कड वितळवायला हा डबा उपयोगी पडतो. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस तर त्याला उसंत नसते.

हाच सांगाडा परदेशात व्हेपसाठी वापरतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे २०१९च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आयात करणं, विकणं आणि तिची जाहिरात करणं यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे लोड म्हणजे फक्त फोम कापायची तार.

लक्षणं

– बटण न दाबता मीटर ४.० दाखवतो, दाबलं की ३.१ वर येऊन बसतो.
– मीटर ४.० वरून हलत नाही, तरी तार कोमटच.
– दोन सेकंद तार तापते आणि सगळं मरतं. बटण कितीही दाबा, काही नाही. चार्जर लावला की पुन्हा जिवंत.
– काही मिनिटं काम नीट होतं, मग तार गरम-थंड-गरम व्हायला लागते.
– नॉब केसभर हलवला की आकडा उड्या मारतो, एखाद्या वेळी थेट ७च्या पुढे जातो.
– बटण सोडल्यावरही तार तापलेलीच राहते. असं झालं तर पुढचं वाचण्याआधी एक सेल होल्डरमधून बाहेर काढा.

पहिल्या चार लक्षणांत बहुतेकजण लगेच नवं बक मॉड्यूल मागवतात. ते लावल्यावरही दोष तसाच राहतो, कारण व्होल्टेज वाटेत कुठेतरी सांडत असतं. मॉड्यूल बदलणं हे शेवटचं काम.

आधी दोन जागी मोजा, तेही बटण दाबलेलं असताना

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. नॉब ४.० वर. कुणाला तरी बटण दाबून धरायला सांगा, दोन हातांत चार गोष्टी धरता येत नाहीत. पहिलं माप बक मॉड्यूलच्या आउट प्लस आणि आउट मायनस या पॅडवर. दुसरं माप नायक्रोम जिथे स्क्रूखाली आवळली आहे, अगदी त्या दोन टोकांवर.

मॉड्यूलवर ४.० आणि तारेवर ३.४ आलं, तर दोष मॉड्यूलच्या पुढे: वायर, मॉस्फेट, स्क्रू. मॉड्यूलवरच ३.१ आलं, तर दोष मॉड्यूलमध्ये किंवा त्याच्या मागे: सेल, होल्डर, फ्यूज, बीएमएस.

हे का चालतं ते समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. बक मॉड्यूल स्वतःच्या आउटपुट पॅडवरचं व्होल्टेज बघून ते कायम राखतं. त्याच्या पुढच्या वायरमध्ये काय गळतंय याची त्याला खबर नसते. मीटरची सेन्स वायर मॉड्यूलवरच जोडलेली असेल तर मीटरलाही नसते. दुसरं लक्षण त्यातूनच येतं. मागच्या बाजूला मात्र उलटं घडतं. बॅटरीकडून येणारं व्होल्टेज थोडं पडलं तर मॉड्यूल जास्त करंट ओढून ते भरून काढतं आणि बाहेर काहीच दिसत नाही. करंट वाढला की खराब सांध्यावर आणखी व्होल्टेज पडतं. मग एका क्षणी मॉड्यूलला पुरेसं इनपुट उरत नाही आणि सगळं एकदम कोसळतं. म्हणून 'काल चालत होतं, आज अचानक गेलं' ही तक्रार जवळजवळ नेहमी बॅटरीच्या बाजूची निघते.

सेल: फुकटातली तपासणी

दोन्ही सेल बाहेर काढून वेगवेगळे मोजा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट, अर्ध्याच्या आसपास ३.७. दोघांत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर जोडी बिघडली आहे. एकूण ७.० दिसतं म्हणून फसू नका. त्यात एक ३.९ आणि दुसरा ३.१ असू शकतो, आणि लोड आला की ३.१वालाच आधी बसतो.

मग सेल परत घालून बटण दाबा आणि प्रत्येक सेलवरचं व्होल्टेज पुन्हा बघा. ४ व्होल्ट, २ अँपिअरच्या लोडला सेलमधून साधारण १.३ अँपिअर जातो (८ वॉट, त्यावर मॉड्यूलची गळती). चांगला सेल यात ०.१ व्होल्टच्या आत पडतो. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेला सेल ०.४ पडला तर त्याचा अंतर्गत रोध ३०० मिलीओहमच्या घरात आहे. असा सेल टॉर्चला चालेल, इथे नाही.

वेष्टणावर ९९०० एमएएच छापलेला सेल दिसला तर दुकानदाराशी वाद घालत बसू नका, नुसता घेऊ नका. या आकाराच्या खऱ्या सेलची क्षमता ३५००च्या आसपास संपते. क्षमतेपेक्षा 'सलग किती अँपिअर' हा आकडा महत्त्वाचा. इथे ५ असला तरी भरपूर.

स्प्रिंग आणि सांधे: ठाणे-नवी मुंबईत दोष इथेच सापडतो

कोलशेत असो, ऐरोली असो की वाशी, खाडीची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस होल्डरच्या स्प्रिंगला सोडत नाही. डबा पावसाळाभर माळ्यावर पडून राहिला असेल तर स्प्रिंगवर पांढरट किंवा तांबूस थर दिसेल. कधी काहीच दिसत नाही, तरी सांधा खराब असतो, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

मल्टिमीटर २०० मिलीव्होल्टवर आणा. एक प्रोब सेलच्या टोकावरच टेकवा. स्प्रिंगला लागता कामा नये, त्याच्या शेजारी उघड्या राहिलेल्या धातूवर. दुसरा प्रोब होल्डरमधून बाहेर आलेल्या सोल्डरच्या टोकावर. बटण दाबा. १० ते २० मिलीव्होल्ट आलं तर सांधा उत्तम. ५० आलं तर साफ करा. १५० आलं तर तो सांधाच तुमचा चोर. टू-एस होल्डरमध्ये असे चार सांधे असतात, चारही मोजा. मग याच पद्धतीने फ्यूजच्या दोन टोकांवर, बीएमएसच्या पॅडवर, मेन स्विचवर असं पुढे सरकत जा. प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहा. बेरीज केली की हरवलेलं व्होल्टेज कुठे गेलं ते समोर दिसतं.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरे. गंज खोल असेल तर बारीक पॉलिश पेपर एकदाच, हलक्या हाताने. वरचा निकेलचा मुलामा पूर्ण उडाला तर पुढच्या पावसात दुप्पट वेगाने गंजेल. त्यापेक्षा पत्र्याच्या रुंद संपर्कपट्ट्यांचा होल्डर घ्या. किटबरोबर येणारा काळा प्लास्टिकचा, बारीक स्प्रिंगचा होल्डर एक अँपिअरच्या वर विश्वासाचा नाही. प्रोटेक्टेड सेल (आत संरक्षक सर्किट बसवलेले) नेहमीपेक्षा काही मिलिमीटर जास्त लांब असतात, ते या होल्डरमध्ये कोंबून बसवले की स्प्रिंग चेपून ढिली होते. मग साधा सेल घातला की तो हलतो. हा दोष शोधायला सगळ्यात जास्त वेळ खातो, कारण डबा टेबलावर असताना सगळं चालतं आणि हातात घेतला की बंद पडतं.

वायर

किटमधली रंगीत वायर साधारण २४ गेजची असते, दर मीटर लांबीला ०.०८ ओहम. मॉड्यूलपासून कटरच्या हँडलपर्यंत जायला ३० सेंमी आणि यायला ३० सेंमी धरलं तर ०.०५ ओहम, २ अँपिअरला ०.१ व्होल्ट गेलं. ते फार वाटत नाही. पण कुणी हँडलपर्यंत दीड मीटरची वायर ओढली की अर्धा व्होल्ट तिथेच संपतो आणि वायरही कोमट लागते. ०.७५ स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर वापरा, इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात मिळते. ब्रेडबोर्डच्या जंपर वायरी सिग्नलसाठी असतात. त्यांच्यातून ही तार तापवायची नाही.

सोल्डरचा सांधा खरखरीत, मळकट किंवा गोळ्यासारखा दिसला तर तो ड्राय सोल्डर. बीएमएसचे मोठे पॅड उष्णता पटकन ओढून घेतात, तिथे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. जाड टोकाचं ५० ते ६० वॉटचं घ्या, पॅड आणि वायर दोन्ही तापवा, मग सोल्डर लावा.

नायक्रोम तार छोटी तर झाली नाही ना?

तार तुटते, मग उरलेलीच ओढून पुन्हा आवळली जाते. दर वेळी ती दोन-तीन सेंमी छोटी होते आणि दर वेळी करंट वाढतो. ०.३२ मिमीची नायक्रोम दर मीटर लांबीला साधारण १३.७ ओहम. १५ सेंमीला २ ओहम, म्हणजे ४ व्होल्टला २ अँपिअर, ८ वॉट. तीच १० सेंमी झाली की १.४ ओहम आणि जवळपास ३ अँपिअर. एलएम२५९६ची कागदावरची मर्यादा ३ अँपिअर आहे. हीटसिंक नसलेलं उघडं मॉड्यूल दोनच्या वर फार वेळ टिकत नाही. चिप तापते, स्वतःला बंद करते, निवते, पुन्हा चालू होते. चौथं लक्षण हेच.

इतका कमी रोध मोजताना आधी मल्टिमीटरचे दोन प्रोब एकमेकांना टेकवा. ०.२ ते ०.५ ओहम दिसेल, ते वजा करा. नाहीतर १.४ ओहमची तार १.८ वाटते आणि हिशोब चुकतो.

नवी तार लावली की २.५ व्होल्टपासून हळूहळू वर जा. तार लाल दिसायला लागली म्हणजे खूप झालं; ईपीई फोमला लाल तार लागतच नाही. सनबोर्ड (तो पीव्हीसी असतो) आणि सोफ्याचा पीयू फोम या तारेने मुळीच कापू नका. पहिल्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो, दुसऱ्यातून त्याहून वाईट वायू. थर्माकोलच्या मखराचा तर २०१८च्या बंदीनंतर प्रश्नच नाही.

नॉब उड्या मारतो तेव्हा

मॉड्यूलवर मुळात १० के ओहमचा अनेक फेऱ्यांचा निळा ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बदलता रेझिस्टर) असतो. बहुतेक किटमध्ये तो काढून १० केचाच एका फेरीचा पॉट (नॉबने फिरणारा बदलता रेझिस्टर) पॅनेलवर द्यायला सांगतात, आणि गडबड तिथून सुरू होते. आउटपुटचं सूत्र असं: १.२३ गुणिले (१ + पॉटचे ओहम भागिले मॉड्यूलवरच्या ठरावीक रेझिस्टरचे ३३० ओहम). पाच व्होल्टला फक्त १०१० ओहम पुरतात. म्हणजे नॉबच्या पूर्ण फेरीतला पहिला दहावा भागच कामाचा. उरलेल्या भागात मॉड्यूल बॅटरीइतकं व्होल्टेज बाहेर सोडतं. १ केचा लिनिअर पॉट (वर बी१के छापलेलं असतं) लावा. मग नॉब एका टोकाला १.२३ आणि दुसऱ्या टोकाला ४.९६ देतो, सगळी फेरी वापरता येते आणि चुकून ८ व्होल्ट तारेवर जात नाहीत. वीस-तीस रुपयांच्या वस्तूने यापेक्षा जास्त फरक या किटमध्ये दुसरीकडे पडत नाही.

आकडा अचानक ७च्या पुढे जातो त्याचं कारणही इथेच. पॉटचा सरकता संपर्क कार्बनच्या पट्टीवरून क्षणभर उचलला गेला की फीडबॅकचा मार्ग तुटतो. चिपला वाटतं आउटपुट शून्य आहे आणि ती पूर्ण उघडते. उपाय सोपा: पॉटचा मधला पाय मोकळ्या राहिलेल्या टोकाच्या पायाला जोडून टाका. संपर्क उचलला तरी १ केची पूर्ण पट्टी मार्गात राहते आणि आउटपुट पाचच्या वर जात नाही. पॉटपर्यंतच्या वायरी ५ सेंमीच्या आत ठेवा आणि एकमेकींभोवती पिळा. लांब वायर कॉइलजवळून गेली तर तिथला कचरा उचलते आणि आकडा थरथरतो.

मॉस्फेट

दुकानात 'झेड-४४' मागितलं की आयआरएफझेड४४एन हातात येतो. तो पूर्ण उघडायला गेटवर (त्याला चालू-बंद करणाऱ्या पायावर) १० व्होल्ट मागतो. गेट मॉड्यूलच्या ४ व्होल्ट आउटपुटमधून दिलेलं असेल तर तो अर्धवट उघडतो, तारेऐवजी स्वतः तापतो. आयआरएलझेड४४एन मागा, मधला 'एल' स्पष्ट उच्चारून. आणि गेटला बटणातून बॅटरीचं प्लस द्या. बटण दाबलेलं असताना ड्रेन आणि सोर्स या बाकीच्या दोन पायांमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मॉस्फेट चुकीचा आहे किंवा जळलेला.

बटण सोडल्यावरही तार तापत असेल तर गेट ते सोर्स १० के ओहमचा रेझिस्टर आहे का बघा. तो नसेल तर गेटवरचा चार्ज तसाच राहतो. रेझिस्टर असूनही तेच होत असेल तर मॉस्फेट आतून शॉर्ट झाला आहे. बदला.

बीएमएस आणि चार्जर

तिसरं लक्षण, म्हणजे दोन सेकंदांत सगळं मेलं आणि चार्जर लावल्यावर जिवंत झालं, हे बीएमएसने केलेलं काम आहे. तो खराब झाला म्हणून बदलू नका. त्याने का तोडलं ते शोधा. कारण साधारण दोनच: एखादा सेल लोडखाली ३ व्होल्टच्या खाली गेला, नाहीतर वायरी कुठेतरी शॉर्ट झाल्या. बीएमएस बायपास करून 'बघू चालतंय का' हा प्रयोग कुणी सुचवला तर त्याला घरी पाठवा.

या किटमधले स्वस्त बीएमएस सेलचं रक्षण करतात, दोघांना समान करत नाहीत. काही चार्जिंगनंतर जोडी वेगळी होत जाते. दोन्ही सेल बाहेर काढून टीपी४०५६ सारख्या एका सेलच्या चार्जरवर एकेक करून ४.२पर्यंत चार्ज करा, मग परत घाला. पूर्ण पॅकला मात्र ८.४ व्होल्टचा टू-एस चार्जरच हवा. टीपी४०५६ पॅकच्या दोन टोकांवर लावणं किंवा जुन्या राउटरचं १२ व्होल्टचं अडॅप्टर थेट जोडणं, दोन्ही चूक. दुसरी तर आगीची.

मॉड्यूल, आता

वरचं सगळं स्वच्छ निघालं तर मॉड्यूलकडे या. नायक्रोम सोडवून २.२ ओहम, १० वॉटचा सिमेंट रेझिस्टर लावा, तो लादीवर ठेवा (टेबलावर डाग पडतो), इनपुट ७.४च्या वर असल्याची खात्री करा आणि दहा सेकंद ४ व्होल्ट द्या. आउटपुट ३.९च्या खाली आलं किंवा चिपवर बोट ठेवता येत नसेल तर मॉड्यूल बदला. एलएम२५९६ची खरी स्विचिंग फ्रिक्वेन्सी १५० किलोहर्ट्झ. नकली चिपा त्याहून बऱ्याच खाली चालतात आणि त्या मॉड्यूलवरच्या छोट्या कॉइलला ते झेपत नाही. नवं घेताना चिपखाली तांब्याचा मोठा भाग आणि खालच्या बाजूला भरपूर बारीक छिद्रं असलेलं बघा. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर दोन घ्या, परत जायचा कंटाळा येतो.

एक गोष्ट दोष नसते: बॅटरी ६.५च्या खाली असताना ५ व्होल्ट मागणं. एलएम२५९६ला स्वतःसाठी दीड-एक व्होल्ट लागतं. तिथे नॉब खाली आणा किंवा सेल चार्ज करा.

कुठे थांबायचं

सेल बिनलोडचा २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर तो 'उठवायचा' प्रयत्न करू नका. चार्जिंगला हाताला चटका बसेल इतका तापणारा, गोडसर रासायनिक वास येणारा, वेष्टण फाटलेला किंवा पोचा पडलेला सेलही बाद. सुसकारल्यासारखा आवाज आला तर हात लावू नका, लांब व्हा, घरातल्यांना बाहेर काढा आणि १०१ला फोन करा. बाद सेलच्या दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका. कॉम्पॅक्टरमध्ये चेपला की तो पेटतो. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांतही बॅटरी वेगळी देणं ही वापरणाऱ्याचीच जबाबदारी आहे.

सेलवर थेट सोल्डर करायची वेळ आली असेल तर ते काम घरचं नाही. स्पॉट वेल्डिंग करणारा लागतो. ई-बाइकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारे लोक ते करून देतात. वागळे इस्टेट आणि रबाळे-महापेच्या पट्ट्यात विचारा. पॅक नेताना सेलचं वेष्टण बघायला सांगा आणि दोन्ही सेल एकाच बॅचचे घाला. चार्जरच्या २३० व्होल्टच्या बाजूला काही जळल्यासारखं वाटलं तर तो उघडू नका. प्रमाणित नवा चार्जर घ्या.

आणि मिलीव्होल्टची मापं दोनदा घेऊनही हरवलेल्या व्होल्टेजचा हिशोब लागत नसेल, तर डबा, लिहिलेले आकडे आणि सर्किटचा कागद घेऊन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीवाल्याकडे जा. आकड्यांचा कागद मात्र न्याच, त्याचं अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांवर येतं.